यापुढे जिचा उल्लेख

पहिल्या ओळीत माझं नाव आहे, नासिमियू मकोखा,
आणि लगेच स्वल्पविराम:
यापुढे जिचा उल्लेख 'कंत्राटदार' असा होईल.
त्यानंतर सतरा पानं
मी कुठेच नाही.

आमच्या बुंगोमात
कोरड्या ऋतूत जन्मलेल्या पोरीला नासिमियू म्हणतात.
विहिरींचे नकाशे काढायला
बरी सापडले यांना.

कलम दोन: कंत्राटदार ही संस्थेची कर्मचारी नाही,
अधिकारी नाही, प्रतिनिधी तर नाहीच नाही.
कर तिचा तिने भरावा. विमा तिचा तिने काढावा.
निवृत्तिवेतन, बाळंतपणाची रजा
हे शब्दही आले आहेत करारात,
नाही म्हणण्यापुरते.

गिगिरीच्या फाटकाबाहेर पोलीस माझी मटाटू अडवतो,
सगळ्यांच्या पिशव्या उपसतो, माझीही.
शेजारून लाल पाटीची गाडी
काच खाली न करता आत जाते.
करुराच्या जंगलातली माकडंही जातात, कुंपणावरून,
कँटीनमधली केळी उचलतात.
त्यांचे पास अकरा महिन्यांनी मरत नाहीत.

बाबा अवोकाडोची कलमं बांधतात.
गावठी खुंट, त्यावर हासची काडी,
वर प्लॅस्टिकची पट्टी.
म्हणतात, काडीला खुंटाचं पाणी चढलं
की मग ती कुठली, कोणी विचारत नाही.

वकिलांची कलमं वेगळी.
यांत काडी बांधतात, घट्ट बांधतात,
पाणी तेवढं सोडत नाहीत.
आणि फळ? कलम अकरा:
नकाशे, टिपणं, कच्च्या रेघासुद्धा
संस्थेच्या मालकीच्या.

तुर्कानात एसेकॉन साहेबांनी मला खुर्ची दिली,
दुधाचा, भरपूर साखरेचा चहा दिला.
(चहा ही भेटवस्तू आहे का,
कलम दहामध्ये स्पष्ट नाही. मी प्यायले.)
म्हणाले, "तू काही त्यांची अधिकारी नाहीस, पोरी.
तू आपली. एकच ठिपका हलव,
टेकडीच्या अलीकडे घे."
टेकडीच्या अलीकडे त्यांच्या मेव्हण्याच्या शेळ्या.
पलीकडे चार तासांवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या बाया,
ज्यांना माझा ठिपका दिसत नाही,
त्यावर त्यांचं काय काय अवलंबून आहे तेही नाही.

कलम आठ: कंत्राटदाराने
कोणत्याही सरकारकडून सूचना घेऊ नयेत.
ज्या घरात मला घेतलं नाही
त्याच घराच्या वळचणीला उभी राहून म्हणाले,
"साहेब, करारात बसत नाही."
ते खूप हसले. "करार! आजारी पडलीस तर
एका दिवसाचा तरी पैसा देतात?"
मी ठिपक्यावर बोट ठेवलं
आणि कप रिकामा केला.

परतताना लागामध्ये गाडी कलंडली.
ड्रायव्हर कायम नोकरीतला,
त्याच्यासाठी हेलिकॉप्टर आलं.
तो चांगला माणूस, म्हणाला, हिलाही घ्या.
वायरलेसवर बराच वेळ विचारणा चालली,
मी कोण.
घेतलं शेवटी. बिल नंतर आलं.

आता बारावा महिना. सक्तीचा खंड.
पास परत केला, ईमेल बंद,
कोणाची नाही, कशाची नाही,
बुंगोमात बाबांच्या रोपवाटिकेत
पट्ट्या कापून देते.

एसेकॉन साहेबांचा फोन येतो:
विहीर कुठे ठरली तेवढं सांग,
आता तर तू मोकळी.
कलम सोळा मला पाठ आहे:
करार संपला तरी ही जबाबदारी संपत नाही.
विनाशर्त जिवंत राहील असं एवढं एकच
त्यांनी मला दिलं.

बाबा विचारतात, कोणाचा फोन?
मी म्हणते, रेंज नाही.
ते खुंटाला चीर देतात, काडी बसवतात,
मान वर न करता म्हणतात, धर.
धरते.